खांब मुसोलिनीचा, दगड युजीनचा

शिकागो म्हटलं की आपल्याला आधी विवेकानंद आठवतात. या शहराच्या स्वतःच्या आठवणी वाचायच्या असतील, तर मिशिगन सरोवराच्या काठाने दक्षिणेकडे चालत जावं. सोल्जर फील्ड या स्टेडियमजवळ झाडांमध्ये एक रोमन खांब उभा दिसतो. साधारण दोन हजार वर्षं जुना, इटलीतल्या ओस्तियाहून आणलेला. १९३३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी इटालो बाल्बो चोवीस सागरी विमानांचा ताफा घेऊन इथे सरोवरावर उतरला होता. पुढच्याच वर्षी मुसोलिनीने त्या पराक्रमाची आठवण म्हणून हा खांब शहराला भेट दिला. बाल्बो नुसता वैमानिक नव्हता. १९२२ च्या रोमवरच्या मोर्चाच्या म्होरक्यांपैकी तो एक. शिकागोने त्याच्या नावाचा रस्ताही केला, आणि नाव बदलायचा प्रयत्न २०१८ मध्ये फसला. तेव्हा इडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंचं नाव दुसऱ्याच एका रस्त्याला मिळालं.

२०२० मध्ये आंदोलनानंतर कोलंबसचे पुतळे रातोरात हलवले गेले. खांब राहिला. का? माझा अंदाज असा की त्याला चेहरा नाही. पुतळ्याच्या गळ्यात दोर अडकवता येतो. खांब नुसता 'प्राचीन' दिसतो, आणि चौथऱ्यावरचा मजकूर इतका झिजलाय की वाचायला थांबतंय कोण! फॅसिझमची जाहिरात पुरातत्त्वाच्या वेषात खपून जाते, हे या खांबाचं खरं यश.

याच काठाने आणखी दोन-तीन किलोमीटर गेलं की एकोणतिसाव्या रस्त्याच्या आसपास एक दगड आहे आणि त्यावर एक पाटी. एवढंच. २७ जुलै १९१९, रविवार. सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स मित्रांसोबत तराफ्यावर होता. तराफा वाहत गोऱ्यांच्या मानल्या जाणाऱ्या पाण्यात गेला. ही हद्द कुठल्या कायद्यात नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले, युजीन बुडाला. तिथल्या गोऱ्या पोलिसाने दगड मारणाऱ्याला अटक करायला नकार दिला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी; पाचशेहून जास्त जखमी.

पाटी बसली २००९ मध्ये. म्हणजे नव्वद वर्षांनी, आणि तीही शाळकरी मुलांनी पुढाकार घेतला म्हणून. हुकूमशहाच्या वैमानिकाला एका वर्षात खांब मिळाला होता.

निव्वळ उंची मोजून स्मारकांचा निवाडा करणं सोपं आहे, हे मान्य. पण मला जास्त खटकतं ते 'दंगल उसळली' हे वाक्य. शहरं स्वतःबद्दल लिहिताना ते हमखास वापरतात. दंगल उसळत नाही. कुणीतरी दगड उचलतो, कुणीतरी वर्दी घालून बघत राहतो. वाक्याला कर्ता नसेल तर पाटी हवामानाच्या बातमीसारखी वाचली जाते.

शब्दाने किती फरक पडतो, हे शिकागोला ठाऊक नाही असं नाही. १५ ऑगस्ट १८१२ ला फोर्ट डिअरबॉर्न सोडून निघालेल्या सैनिकांवर आणि कुटुंबांवर पोटावाटोमी योद्ध्यांनी हल्ला केला. त्याला शतकभराहून जास्त काळ 'हत्याकांड' म्हटलं गेलं. रेल्वेच्या डब्यांचा सम्राट जॉर्ज पुलमन याने त्यावर ब्राँझचं शिल्पही करून घेतलं. २००९ मध्ये तिथल्या छोट्या बागेला नाव देताना मात्र 'लढाई' हा शब्द निवडला. मूळच्या रहिवाशांना युद्धातला एक पक्ष मानायचं, म्हणून हा बदल योग्यच. तरी त्या दिवशी लहान मुलंही मारली गेली, आणि 'लढाई'त ती मावत नाहीत.

मग खांब पाडावा का? मी म्हणेन, ठेवावा. पण शेजारी मोठ्या अक्षरात लिहावं की हा कुणी दिला आणि त्या देणाऱ्याने काय केलं.

युजीनच्या बाबतीत काम वेगळ्याच वाटेने सुरू झालंय. इतिहासकार पीटर कोल यांनी हाती घेतलेल्या प्रकल्पात, १९१९ मध्ये जी ३८ माणसं जिथे जिथे मारली गेली, तिथल्या फुटपाथमध्ये काचेच्या विटा बसवायच्या आहेत. पहिल्या काही २०२४ मध्ये बसल्या. त्यांना चौथरा नाही, कुंपण नाही. खाली बघत चालणाऱ्यालाच त्या दिसतात, आणि हल्ली मोबाइलमुळे आपण सगळेच तसे चालतो.