हयात माणसाचा जनाजा

लुक बेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ल ग्राँ ब्लू’ हा 1988 चा चित्रपट आजही हौसेने पाहिला जातो. एका श्वासात समुद्राच्या तळाकडे झेपावणाऱ्या दोन दोस्तांची ही कथा. असल्या चित्रपटातल्या चुका काढणे हा रसिकतेचा अपमान, असे सांगणारे आम्हांला पुष्कळ भेटतात. आम्हांला हे पटत नाही. चुकाचुकांत फरक असतो.

सालांचा घोळ आधी घेऊ. कथा 1965 मध्ये, एका ग्रीक बेटावर सुरू होते. जाक आणि एन्झो ही शाळकरी पोरे पाण्यातल्या नाण्यासाठी बुडी मारतात. ज्यांच्यावरून ही पात्रे बेतली, त्यांतले जाक मायोल 1927 मध्ये शांघायला जन्मले. सिसिलीचे एन्झो मायोर्का 1931 चे. म्हणजे 1965 साली मायोल 38 वर्षांचे होते आणि मायोर्कांनी तर चार वर्षांपूर्वीच 50 मीटर खोली गाठली होती. असो. कथेला बालपण लागते, एवढी सूट आम्ही देऊ.

ताओर्मिनाची स्पर्धा मात्र खटकते. दोघे एकाच ठिकाणी, पंचांसमोर आळीपाळीने उतरतात. प्रत्यक्षात हे दोघे आपापली जागा, आपापली माणसे घेऊन विक्रम करीत. पाणबुड्यांच्या जागतिक महासंघाने 1970 मध्ये असे विक्रम नोंदवणेच थांबवले, इतकी जिवाची जोखीम! शंभर मीटरवर दाब अकरा पट होतो. सहा लिटर हवा अर्ध्या लिटरवर येते. मायोल यांनी 1976 मध्ये एल्बा बेटाजवळ ती खोली गाठली.

पेरूच्या गोठलेल्या तळ्यात जाक उतरतो, तेव्हा डॉक्टर थक्क होऊन सांगतो की रक्त असे मेंदूकडे वळणे आजवर फक्त व्हेल-डॉल्फिनमध्येच दिसले. साफ चूक. थंड पाण्यात तोंड बुडवले की तुमच्याआमच्याही हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांकडचा रक्तप्रवाह आटतो. साऱ्या माणसांची मिळकत दिग्दर्शकाने एकट्या नायकाच्या नावे करून टाकली! आखातातले पाणबुडे, ज्यांचे मोती मुंबईच्या बाजारात येत, नाकाला चिमटा लावून दगडाच्या वजनाने पिढ्यान्‌पिढ्या असेच उतरत. त्यांच्या घरच्यांना त्यात चमत्कार नव्हे, नाखुद्याचे कर्ज दिसे.

हेही सोडून देऊ. पण एन्झो मोलिनारीचे काय? हा बढाईखोर इटालियन जाकचा विक्रम मोडायच्या हट्टापायी मरतो. नाव एन्झो, मुलूख सिसिली, नाद तोच. बदलले ते फक्त आडनाव. खरे मायोर्का तर हयात होते, आणि त्याच 1988 साली त्यांनी 101 मीटरची बुडी मारली. त्यांनी दाद मागितली. चित्रपट इटलीत 2002 पर्यंत अडून राहिला, तेव्हा काही भाग गाळूनच दाखवला गेला. अज्ञानाची सबब इथे चालणार नाही, कारण पटकथाकारांत खुद्द मायोल यांचे नाव आहे. ज्याला सारे ठाऊक होते, तोच लिहिणाऱ्यांत होता.

एन्झोचा मृतदेह जाक खोल पाण्यात नेऊन सोडतो, ते दृश्य देखणे आहे, यात शंका नाही. मायोल 2001 मध्ये गेले. मायोर्का त्यानंतरही पंधरा वर्षे, 2016 पर्यंत जगले.