मींडेचे चिन्ह : स्वर आणि हस्तक्रिया

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत मींड दाखविण्यासाठी स्वरांच्या माथ्यावर कमानीसारखी रेषा काढतात. मूळ मराठीत सिद्ध झालेल्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून हे चिन्ह रूढ झाले आणि सतारीच्या पाठ्यपुस्तकांनीही ते जसेच्या तसे स्वीकारले. मुख्यतः गेय चिजांसाठी योजिलेले हे चिन्ह तंतुवाद्यास कितपत पुरते, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते.

गंधारावरून पंचमास जाणारी कमान घ्यावी. गायकास ती पुरेशी आहे. सतारीवर मात्र तिचे निदान तीन अर्थ संभवतात. गंधाराच्या पडद्यावर आघात करून तार आडवी खेचता येते. ऋषभाच्या पडद्यावरच आधी गंधाराइतकी तार ताणून तेथून पंचम गाठता येतो. किंवा बोट पडद्यांवरून सरकवून घसीट घेता येते. प्रत्येक प्रकारात नादाचा पोत निराळा. घसिटीत तर मधले पडदे कानास जाणवतात. उतरत्या मींडेत अडचण अधिकच वाढते. तेथे तार निःशब्द ताणून ठेवावयाची, मग आघात करावयाचा आणि हळूहळू ती सैल सोडावयाची. आघातापूर्वीच्या या मूक क्रियेला कमानीत स्थानच नाही.

उजव्या हाताची अवस्था इतकी दीन नाही, ही गोष्ट लक्षणीय होय. ‘दा’, ‘रा’, ‘दिर’ हे बोल स्वरांची नव्हेत, आघातांची नावे आहेत. म्हणजे क्रिया लिहिण्याची कल्पना आपल्या परंपरेस परकी नव्हती. ती डाव्या हातापर्यंत पोहोचली नाही, इतकेच.

पाश्चात्त्य संगीतात हा प्रश्न विसाव्या शतकात तीव्र झाला. तार बोटपट्टीवर आपटेल इतक्या जोराने छेडावी, यासाठी बार्टोकने १९२८ च्या चौथ्या चतुष्कवाद्यरचनेत वर्तुळ व त्यावर उभी रेघ असे चिन्ह वापरले. पेंडेरेत्स्कीने १९६० च्या ‘थ्रेनोडी’त बावन्न तंतुवाद्यांसाठी ‘शक्य तेवढा उंच स्वर’ काळ्या त्रिकोणाने दर्शविला. लाखेनमानच्या ‘प्रेसिओं’ (१९६९) या चेलोसाठीच्या रचनेत तर कोणता स्वर निघावा याऐवजी हात व गज वाद्यावर कोठे आणि कसे फिरावेत, हेच प्रामुख्याने लिहिलेले आहे. अशा लेखनास आरंभी स्पष्टीकरणाची जोड द्यावी लागते व वाचन मंदावते, हा आक्षेप खोटा नाही. तथापि तो सतारीच्या पडद्यांपुरता निर्णायक ठरला, तरी लोकवाद्यांपुढे टिकत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब हे गाव तेथील लोकनाट्य कलाकेंद्रांमुळे लावणीच्या अभ्यासकांस परिचित आहे. लावणीची चाल भातखंडे पद्धतीने बऱ्याच अंशी उतरविता येते. तमाशाच्या फडातील तुणतुणेही फारसे अडवीत नाही. एकाच स्वराचा तो आघात मात्रांत मांडता येतो. खरी कसोटी लागते ती याच दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्माच्या गीतांना साथ करणाऱ्या चौंडक्याशी. या वाद्यास पडदाच नाही. चामड्यातून निघालेली तार एका हाताने कमीअधिक ताणीत दुसऱ्या हाताने छेडतात; नाद सतत चढतउतरत राहतो. त्याचे लेखन सारेगमच्या अक्षरांत करू जाता, जे स्वर वादकाने मुळी योजिलेच नव्हते ते कागदावर स्थिर होऊन बसतात. पुढील वाचक त्यांना ‘चाल’ समजतो. ही नुसती अपूर्णता नव्हे. हा पुराव्यातील विपर्यास आहे.

येथे दोन ओळींचे लेखन अधिक प्रामाणिक ठरेल. वरच्या ओळीत ताणाची चढउतार दाखविणारी अखंड रेषा, खालच्या ओळीत मात्रांच्या खुणांसह आघातांचे ठिपके. सतारीसाठी तर नवी लिपीही नको. कमानीच्या आरंभी पडद्याचे नाव आणि आघात ज्या क्षणी पडतो तेथे त्याचा बोल, एवढी भर घातली की ऋषभाच्या पडद्यावरून खेचलेला पंचम गंधारावरून खेचलेल्या पंचमाहून कागदावरही वेगळा दिसू लागतो.