विस्मरणाचे चित्रपट आणि घरातली बाई

स्मृतिभ्रंशावर आपल्याकडे जे चित्रपट निघाले त्यांपैकी तीन आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत : अजय देवगण यांचा ‘यू मी और हम’ (२००८), सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) आणि अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’, जो २०२३ मध्ये चित्रपटगृहांत आला. आम्ही काही चित्रपटांचे जाणकार नव्हे. उर्दू शाळेत मुलांना शिकवतो. पण मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे आमची खाला राहते, आणि तिच्या घरात हाच आजार आहे. म्हणून हे लिहिणे.

‘अस्तु’मधील चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. मुलगी त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते, तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखे सांभाळते. तो तिला आई म्हणतो, तीही ते नाते बिनतक्रार स्वीकारते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रास्तच होय. विद्या गळून पडली तरी माणूस उरतो, हे मोहन आगाशे यांनी फार संयमाने दाखवले आहे.

हे खोटे नाही, हे आम्ही पाहिले आहे. खालूजान बैलांचा व्यापार करीत. पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, तिथला बैलबाजार हीच त्यांची विद्यापीठे. आधी कंपवाताने हात कापू लागले, मग विसर पडू लागला. एका जत्रेत ते असेच बैलांमागे निघून गेले. सापडले तेव्हा एका बैलाचे तोंड उघडून ‘चौसा आहे’ असे सांगत होते, आणि बैल चौसाच होता. शेजारी उभ्या असलेल्या खालाला मात्र त्यांनी ओळखले नाही.

येथपर्यंत ‘अस्तु’ आमच्याबरोबर चालतो. पुढे नाही. आम्ही हा चित्रपट खालाला मोबाईलवर दाखवला. संपल्यावर तिने एवढेच विचारले, “चन्नम्माकडे तो किती रात्री होता?” या एका प्रश्नाने आमची बरीच समीक्षा निकालात निघाली. थोड्या वेळापुरती करुणा दाखवणे कलेला साधते. रोज रात्री तीनदा ओला होणारा बिछाना बदलणे तिला अजून साधलेले नाही.

उरलेल्या दोन चित्रपटांत पती-पत्नी आहेत. ‘यू मी और हम’मधील अजय स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. तो बायकोला संस्थेत ठेवतो आणि मग पश्चात्तापाने परत आणतो. ‘थ्री ऑफ अस’मधील शैलजा आजाराच्या आरंभी नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, तिथे तिचा बालपणीचा मित्र भेटतो. स्वानंद किरकिरे यांनी साकारलेला दीपंकर हा नवरा आम्हाला तिन्ही चित्रपटांतला सर्वांत खरा माणूस वाटला. त्याला वाईट वाटते आणि तो ते बोलून दाखवतो. पण खरी सेवा सुरू होण्याआधीच चित्रपट संपतो.

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सांभाळणारी व्यक्ती ‘अस्तु’त मुलगी आणि परकी बाई आहे, बाकी दोहोंत नवरा. नवऱ्याला सांभाळणारी बायको तिन्हींत नाही. नवरा सेवा करतो तेव्हा ती कथा होते. बायको करते तेव्हा ते कर्तव्य ठरते, आणि कर्तव्याची कथा कोण लिहिणार? या आजाराचा इतिहासही पाहा. डॉ. अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ज्या ऑगस्ट डेटर या बाईला तपासले, तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. ती त्याच्यावर संशय घेऊ लागली होती, हे आजही नोंदलेले आहे. घरात त्याचे काय झाले, हे जगाने फारसे विचारले नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण अधिक आहे. मग आपले रुग्ण पडद्यावर प्राध्यापक नाहीतर शहरी नोकरदारच का असतात? म्हशाच्या बैलव्यापाऱ्याची बायको कुठे आहे?

ती आमच्याही लेखणीत नाही, हे कबूल केले पाहिजे. आम्ही तिला आजवर काय दिले? ‘सब्र करा, सवाब मिळेल’ एवढे वाक्य. ते वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही, पण ते ऐकले की बाई गप्प होते. खालूजान रात्री तिला म्हणतात, “बाई, तुम्ही कोण? माझी बीवी येईल, तुम्ही घरी जा.” ती वाद घालत नाही. मागच्या दाराने बाहेर जाते, ओढणी बदलते आणि पुढच्या दाराने सलाम करत आत येते. मग ते झोपतात. पटकथेसाठी याहून मोठा प्रसंग कोणत्या लेखकाला हवा?

आपल्या लेखक-लेखिकांनी ही बाई लिहावी. देवी म्हणून नको, थकलेली, चिडणारी, कधी रडणारी बाई म्हणून. तिला काय हवे हे आम्ही अखेर विचारले. ती म्हणाली, “रविवारी दोन तास यांच्याजवळ बस बेटा. मला डोक्यावरून न्हाऊन झोपायचंय.”