दहा अवतार, एकच बाजू

‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या मुंबईच्या मेटल बँडच्या नावाचा अर्थ ‘असुरी पुनरुत्थान’ असा होतो. साहिल मखिजा यांनी २००० साली सुरू केलेल्या या बँडचा २०१७ मधला अल्बम मात्र ‘दशावतार’ आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गाणी, शब्द इंग्रजी. असुरांचे नाव लावणारे वादक विष्णूकडे वळतात तेव्हा असुरांचे काय होते, हा माझा प्रश्न आहे.

आधी संगीताविषयी. डेथ मेटलचा खर्जातला गुरगुराट, त्याच्याशेजारी सरळ सुरेल गायन, ड्रमची अखंड धडधड, पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा विस्तार आणि त्यांत भारतीय वाद्ये, असा हा मेळ आहे. असे मेळ बहुधा ठिगळासारखे दिसतात. येथे विषयामुळे ते टळले आहे. अर्धा माणूस आणि अर्धा सिंह असलेल्या नरसिंहासाठी माणसाचा सूर आणि जनावराची डरकाळी एकत्र नांदवणारी गायकी मला अगदी योग्य वाटते.

माझा आक्षेप चौकटीवर आहे. मेटलचा जन्म बर्मिंगहॅममधला. ‘ब्लॅक सॅबथ’च्या टोनी आयोमीची बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातच तुटली होती. जालन्यात सळ्यांच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्याला या संगीताचे कूळ सांगावे लागत नाही. चिरडलेल्याचा आवाज मोठा करणे हा त्याचा धर्म. ‘दशावतार’मध्ये मात्र पुराणाचा क्रम जसाच्या तसा येतो, एकही शीर्षक असुराच्या नावाचे नाही.

वामनाचे गाणे घ्या. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणतात. ज्याला वामनाने पाताळात घातले, त्याचेच राज्य शेतकरी मागतो. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार उलटे वाचले आणि बळीला रयतेचा राजा केले. कोकणातल्या दशावतारी खेळातही वेद चोरणारा संकासुर मरण्याआधी प्रेक्षकांना मनसोक्त हसवतो. हरणाऱ्यालाही रंगमंच देण्याची ही रीत बँडच्या अगदी हाताशी होती.

नववे गाणे बुद्धाचे आहे. जुन्या मराठी चित्रांत या जागी कधी विठ्ठलही दिसतो. म्हणजे ही जागा कधीच पक्की नव्हती. १९५६ साली नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट नाकारते. मराठवाड्यातल्या असंख्य घरांसाठी ती आयुष्याची दिशा बदलणारी प्रतिज्ञा आहे. त्यामुळे बुद्धाला अवतारांच्या रांगेत बसवणे हा येथे निव्वळ क्रमांकाचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्रातल्या बँडने ती रांग मोडली असती, निदान तिच्यावर प्रश्न टाकला असता, तर हा अल्बम फार मोठा झाला असता.

तरीही तो ऐकावा, असेच मी सांगेन. अनेक परंपरांचे आवाज एका गाण्यात नांदू शकतात, हे या वादकांनी सिद्ध केले आहे. उरले आहे ते त्या परंपरांमधले भांडण. ते ऐकू येईल असा अकरावा तुकडा मराठीत कोणी रचला, तर त्याची सुरुवात पाताळातून व्हावी.