ऐकणारा नट

बोलपट आणि दूरचित्रवाणी यांनी अभिनयाचे परीक्षण घरोघर आणून सोडले आहे. पूर्वी नाटक पाहावयाचे म्हणजे तिकीट काढून थिएटर गाठावे लागे आणि तो योग वर्षातून दोन-चार वेळा येई. आता बारामतीच्या पेठेत काय किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या वस्तीवर काय, रात्रीच्या जेवणाच्या वेळी कुटुंबातील लहानथोर मंडळी रोज पाच-सहा नटनट्यांच्या कामावर निकाल देऊन मोकळी होतात. हे निकाल लक्षपूर्वक ऐकले असता ते बहुधा तीनच प्रकारचे आढळतात. 'काय रडली हो ती!' हा पहिला. 'अगदी खरा वाटतो' हा दुसरा. आणि 'संवाद काय फेकले आहेत!' हा तिसरा. पहिल्यात भावनेचे माप आहे, दुसऱ्यात हुबेहूबपणाचे आणि तिसऱ्यात वाणीचे. ही मापे अगदीच खोटी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्यांनी मोजले असता पुष्कळदा हलका माल भारी ठरतो आणि भारी माल हलका ठरतो. यास्तव याहून विश्वसनीय असे एखादे माप सामान्य प्रेक्षकाच्या हाती देता येईल काय, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आणि सात्त्विक भाव आठ मानले. अश्रू हा त्या आठांतील केवळ एक. तोही आज ग्लिसरिनाच्या बाटलीत विकत मिळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे रडण्यावरून नटीची किंमत ठरविणे किती धोक्याचे आहे हे कळून येईल. फ्रेंच पंडित दिदेरो याने तर अठराव्या शतकातच असा पक्ष मांडला की, थोर नट स्वतः विकारवश होत नसतो. तो थंड डोक्याने प्रेक्षकाला विकारवश करीत असतो. हा पक्ष कोणी मानो वा न मानो, नटाच्या अंतःकरणात काय चालले आहे ते आपणांस दिसत नाही, एवढे त्यातून खचित निष्पन्न होते. जे दिसत नाही त्यावर निकाल कसा द्यावा?

चित्रपटात ही अडचण दुणावते. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह याने १९२० च्या सुमारास केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपाच्या ताटलीशेजारी जोडला, एकदा शवपेटिकेतील स्त्रीशेजारी आणि एकदा खेळणाऱ्या मुलीशेजारी. चेहरा तिन्ही ठिकाणी तोच. परंतु प्रेक्षकांनी त्यात भूक, शोक आणि वात्सल्य पाहिले आणि नटाची वाहवा केली, असे त्याचा शिष्य पुदोव्हकिन याने नमूद करून ठेवले आहे. म्हणजे पडद्यावर आपण ज्याला अभिनय म्हणतो त्यातील बराच भाग कात्रीचा असतो. तेव्हा नटाचे स्वतःचे असे काय उरते, हा खरा प्रश्न होय.

आमचे उत्तर असे आहे. नट बोलत असताना त्याची परीक्षा करू नये. दुसरे पात्र बोलत असताना करावी. समोरच्याचे बोलणे त्याच्या कानांवरून जाते की आत शिरते, आणि आत शिरल्यावर त्याच्या पुढच्या उत्तरात, चालण्यात, हातांत काही फरक पडतो की नाही, हे पाहावे. चेहरा कात्रीने जोडता येतो. परंतु ऐकण्यामुळे बदललेला आवाज कात्रीला निर्माण करता येत नाही. ज्याचे वाक्य आधीच तयार होऊन ओठांवर थांबलेले असते, तो कितीही सुंदर बोलला तरी पाठांतर म्हणून दाखवीत आहे असे समजावे.

हे माप घेऊन आपल्या ओळखीचीच काही कामे तपासून पाहू. दर वर्षी आषाढी वारीस तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी मजल करीत सराटीस पोहोचते. बेलवाडीचे रिंगण पाहिले नाही असा माणूस या भागात विरळा. तेव्हा तुकोबांचे सोंग कोणी आणले तर त्याची झडती घेण्याचा अधिकार येथल्या प्रेक्षकास इतर कोणाहूनही अधिक आहे. पुण्याच्या प्रभात कंपनीने लागोपाठ दोन संतपट काढले. १९३५ च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले आणि १९३६ च्या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. दोघेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले, दोघेही गळ्याचे धनी. कीर्तीच्या दृष्टीने बालगंधर्वांपुढे पागनीस म्हणजे सूर्यापुढे समईच. तरी पडद्यावर 'धर्मात्मा'ने गंधर्वांच्या चाहत्यांचे समाधान झाले नाही, आणि 'संत तुकाराम' मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालून १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला.

याचे कारण बालगंधर्वांच्या कलेत उणेपणा होता असे नव्हे. त्यांची कला समोर बसलेल्या रसिकांशी चाललेल्या अखंड संभाषणावर उभी होती. ताल धरणारी मान, 'वन्स मोअर'ची हाक, पहिल्या रांगेतील उसासा हे सारे ऐकून ते गात आणि बोलत. कॅमेरा यांपैकी काहीच परत देत नाही. ज्यांना ऐकावयाचे तेच नाहीसे झाल्यावर त्या थोर नटाची स्थिती पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी झाली. पागनीस मात्र पडद्यावर प्रेक्षकाला शोधीत नाहीत. जिजाई भाकरी घेऊन डोंगरावर येते आणि तोंडाने शिव्याशाप देत असतानाच नवऱ्याला जेवावयास लावते, तेव्हा ते काहीच 'करीत' नाहीत. ते तिचे बोलणे ऐकून घेतात, आणि त्या ऐकण्यातच तिच्या कष्टांची त्यांना असलेली जाणीव दिसते. वारीत चालणाऱ्या साध्या वारकऱ्याच्या मुखावर जी ऋजुता आम्ही पाहतो ती हीच.

गौरी यांची जिजाई याच मापाने त्याहून सरस ठरते असे आम्हांस वाटते. मोठ्या भूमिकांची परंपरा पाठीशी नसलेल्या या बाईंनी आजारी मुलाला देवळात ओढीत नेऊन हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारण्याचा प्रसंग केला आहे, तो केवळ आरडाओरड्याने गाजला असे मानणे चूक होईल. ती दगडाच्या मूर्तीशी भांडते, पण उत्तराची वाट पाहत भांडते. मूर्ती बोलत नाही म्हणून तिचा संताप वाढत जातो. न येणारे उत्तर ऐकणे ही अभिनयाची फार अवघड पायरी होय.

आता साखरेकडे वळू. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून या भागात खेळू लागले, त्यावर ऊस आला, आणि पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. त्यामुळे १९७४ चा 'सामना' हा विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट येथे निघाला म्हणजे चर्चा एकाच वळणावर जाते: निळू फुले यांनी रंगविलेला हिंदुराव धोंडे पाटील हा कारखान्याचा कर्ताधर्ता 'अगदी असाच असतो' की 'असा मुळीच नसतो'? हा वाद अर्थशास्त्राच्या किंवा राजकारणाच्या वर्गात शोभेल; अभिनयाच्या परीक्षणात तो गैरलागू आहे. कोणत्याही खऱ्या माणसाशी न जुळणारा हिंदुराव उत्कृष्ट असू शकतो आणि हुबेहूब नक्कल निर्जीव असू शकते.

पाहावयाचे ते हे की, डॉ. श्रीराम लागू यांचा दारुडा मास्तर मारुती कांबळे याच्या नाहीसे होण्याचा विषय पुन्हा पुन्हा काढतो तेव्हा हिंदुराव काय करतो. प्रथम तो मास्तराचे बोलणे करमणूक म्हणून ऐकतो. पाहुण्याच्या विद्वत्तेचे त्याला कौतुक आहे. पुढे पुढे तोच माणूस, तोच वाडा, तीच बैठक असूनही ऐकण्याची तऱ्हा पालटते. आवाज चढत नाही, डोळे वटारले जात नाहीत. उत्तर देण्यापूर्वीची विश्रांती तेवढी लांबते. निळू फुले यांचे शिक्षण लोकनाट्याच्या फडात झाले, जेथे प्रेक्षकाने टाकलेला शब्द झेलून उलट टाकावा लागतो. तोच तयार कान त्यांनी कॅमेऱ्यापुढे आणला. पुढील काळात गावोगावच्या बायाबापड्यांनी त्यांना पडद्यावरच्या दुष्टपणाबद्दल मनापासून शिव्या दिल्या. सेवा दलात घडलेल्या त्या सौम्य गृहस्थास ती शाबासकीच होती. परंतु त्याच कारणाने निर्मात्यांनी त्यांना एकाच छापाच्या भूमिका पुन्हा पुन्हा दिल्या आणि प्रेक्षकांनीही तेवढ्यावर समाधान मानले. पारख चुकली म्हणजे नुकसान नटाचे होते ते असे.

उजनीच्या फुगवट्यापलीकडचा करमाळा आणि नीरेपलीकडचे अकलूज हे इंदापूरचे शेजारी. त्या मुलखातून नागराज मंजुळे यांचे 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) आले. या चित्रपटांतील नवख्या मुलांविषयी 'ती अभिनय करीतच नाहीत, जशी आहेत तशी वावरतात' असे कौतुकाने म्हटले जाते. आम्हांस हे कौतुक अपुरे वाटते. अकलूजच्या रिंकू राजगुरू यांची आर्ची पूर्वार्धात हुकूम सोडते. तिला कोणाचे ऐकण्याची सवयच नाही. हैदराबादच्या झोपडवस्तीत परक्या भाषेच्या गराड्यात सापडल्यावर तीच मुलगी प्रथमच दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून ऐकू लागते, आणि तिचा आवाज खाली येतो. पुढे आईशी दूरध्वनीवर बोलण्याच्या प्रसंगी तर समोर माणूस नाही, हातात केवळ यंत्र आहे. तरी पलीकडच्या शब्दागणिक तिचा श्वास बदलतो. ही केवळ वावरण्याची गोष्ट नव्हे. जशी आहे तशी वावरणारी मुलगी पूर्वार्धात आणि उत्तरार्धात सारखीच वावरली असती. 'फँड्री'त डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतील राष्ट्रगीत कानी पडताच जागच्या जागी थिजते, तेथे तर दिग्दर्शकाने ऐकण्याचाच प्रसंग केला आहे. किशोर कदम यांच्या बापाचे वाकलेले खांदे त्या क्षणी संवादाच्या पानापेक्षा अधिक सांगतात.

आता रोजच्या मालिकांविषयी. येथे न्यायाने बोलले पाहिजे. ज्या रोहिणी हट्टंगडी यांनी 'गांधी' (१९८२) मध्ये कस्तुरबा उभी केली, त्यांनीच तीन हजारांहून अधिक भाग चाललेल्या 'चार दिवस सासूचे' या मालिकेत काम केले. शौचकूप साफ करण्यावरून झालेल्या पतीपत्नींच्या कलहात कस्तुरबा आधी नकार देते, मग ऐकते, मग आपल्या परीने वळते. त्या वळण्याला चित्रपटाने अवकाश दिला आहे. रोज एक भाग पुरा करण्याच्या धांदलीत हा अवकाश कोठून येणार? मालिकेत एक वाक्य उच्चारले की वीज कडाडते आणि चार-पाच चेहरे एकामागून एक दाखविले जातात. त्यांतील कोणीही बोलणाऱ्याकडे पाहून दचकत नाही. सगळे आपल्याकडे पाहून दचकतात. दोष नटांचा थोडा आणि पद्धतीचा फार आहे. तथापि तशातही एखादी दुय्यम भूमिका करणारी नटी कोपऱ्यात उभी राहून खरोखर ऐकत असलेली दिसते. घरातील मुलांना ती दाखवून द्यावी.

आमच्या मापाविरुद्ध एक आक्षेप संभवतो. स्वगतात नट कोणाचे ऐकतो? याचे उत्तर असे की, तो स्वतःचेच वाक्य प्रथम ऐकत असतो. १९७० साली डॉ. लागू यांनी 'नटसम्राट'मधील अप्पा बेलवलकर उभे केले, ती स्वगते ज्यांनी ऐकली त्यांना हे सांगावयास नको. स्वतःच्याच तोंडून निघालेल्या शब्दाने दचकलेला माणूस आणि स्वतःच्या आवाजावर खूष झालेला माणूस यांत अंतर असते, आणि ते रसिकाला कळते.

या साऱ्याची एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण करमणुकीपुरते नाही. आमच्याकडे इंदापूरच्या खेड्यांतून शिकावयास येणारी मुले स्नेहसंमेलनात गावकऱ्याचे काम करताना मालिकांतील बनावट गावंढळ बोली बोलतात. घरी त्यांची आई जी भारदस्त, तोलून मापून बोललेली भाषा बोलते, ती त्यांना रंगमंचावर 'खरी' वाटेनाशी झाली आहे. ज्याने आपल्या आईचे बोलणे नीट ऐकले नाही त्याने चित्रातल्या माणसाची भाषा खरी मानली, एवढाच याचा अर्थ. आणि व्यासपीठावर गळा दाटून येणारे वक्ते आमच्या तालुक्यांना नवे नाहीत. त्यांचे अश्रू खरे की खोटे हे आपणांस कधीच कळणार नाही. परंतु सभेतून एखाद्या शेतकऱ्याने उठून पाण्याच्या पाळीविषयी प्रश्न विचारला असता वक्त्याने तो ऐकला की नाही आणि त्याचे पुढचे वाक्य त्यामुळे बदलले की नाही, हे मात्र कोणालाही पाहता येते. ती सवय आज रात्रीच्या मालिकेपासून लावून घेण्यास हरकत नसावी.