हवापालट आणि जगायला जाणे

गाव सोडण्याला मराठीत एकच नाव नाही. मध्यमवर्गीय बोलीत 'हवापालट' हा शब्द रूढ आहे, तर ग्रामीण बोलींत 'जगायला जाणे' असा प्रयोग आहे. पहिल्यात रहाटगाडग्याला कंटाळलेल्या मनाला नवी उमेद मिळावी अशी अपेक्षा असते. दुसऱ्यात केवळ तगून राहण्याची. कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर चैत्रात खान्देशातून पायी येणारे यात्रेकरू या दोहोंहून वेगळे. ते चार दिवस घर सोडतात आणि त्याच घरी, त्याच शेतात ताजे होऊन परततात. नाशिक जिल्ह्याच्याच आदिवासी पट्ट्यातील कुटुंबे मात्र पावसाळी शेती आटोपली की द्राक्षबागांच्या मजुरीसाठी पाडा सोडतात. यात्रेकरूची उमेद मागे राहिलेल्या घरावर उभी असते. मजुराच्या बाबतीत ते घर चालावे म्हणूनच बाहेर पडणे असते.

हा भेद साहित्यविचारात बहुधा पुसला जातो. स्थलांतराचे आशयसूत्र असलेल्या कृतींचा विचार 'आत्मशोध' या सोयीस्कर संज्ञेखाली करण्याकडे समीक्षेचा कल असतो. नव्या जागी गेल्याने व्यक्ती नवी होते, हे तिथे गृहीत धरलेले असते. या गृहीताची तपासणी तीन कृतींच्या आधारे करता येते.

भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयाच्या आरंभीच्या कादंबरीचे 'बिढार' (१९७५) हे नावच तात्पुरत्या वास्तव्याचे निदर्शक आहे. मुंबईतून बाहेर पडलेला चांगदेव पाटील निमशहरी गावांतील महाविद्यालयांत एकामागून एक नोकऱ्या करीत जातो. प्रत्येक नव्या गावी आरंभी थोडी आशा असते. पुढे जातींचे हिशेब आणि संस्थांतर्गत राजकारण पुन्हा भेटते. गाव बदलते, व्यवस्था बदलत नाही. कादंबरीमालिकेचा लांबत जाणारा घाट हा या पुनरावृत्तीचाच घाट आहे. येथे स्थलांतर हेच नित्यक्रम होऊन बसते. तथापि, एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते : चांगदेवाला नोकरी सोडता येते, कारण पदवीच्या बळावर दुसरी मिळू शकते. त्याच्या परात्मतेलाही एक भांडवल आहे.

गौरी देशपांडे यांचे 'विंचुर्णीचे धडे' (१९९६) हे ललित लेखन याहून निराळे आहे. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायला गेलेल्या लेखिकेचे हे अनुभव. शीर्षकातील 'धडे' या शब्दाने शहरातून आलेल्या सुशिक्षित व्यक्तीला विद्यार्थ्याच्या जागी बसविले आहे. खेडे म्हणजे शिणलेल्या शहरी मनाचे विश्रामस्थान, या रोमँटिक कल्पनेला त्यामुळे आरंभीच छेद जातो. नवी उमेद येथे हवेतून येत नाही, शिकण्याच्या तयारीतून येते. मात्र हे शिकणे स्वेच्छेचे आहे. जागा निवडण्याचे आणि न जमल्यास ती सोडण्याचे स्वातंत्र्य या लेखनाच्या पार्श्वभूमीला असते, आणि त्याच्या प्रसन्नतेचा काही भाग त्या स्वातंत्र्याचा आहे.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनात सारे समीकरणच उलटे होते. टोपल्या विणीत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबात भटकणे हाच नित्यक्रम आहे. पालापुढचा मुक्काम रोज नवा असला, तरी त्या नवेपणात कसलीही मोहिनी नाही; नवे गाव म्हणजे नवी अवहेलना. मुलाने शाळेत जावे हा वडिलांचा हट्ट हीच या जीवनातील खरी नवी घटना ठरते. चाकोरी मोडायची तर येथे निघावे लागत नाही, थांबावे लागते. चांगदेवाला जे स्थैर्य साचलेले वाटते, तेच निवेदकाला दुर्मिळ आणि म्हणून उत्साहवर्धक वाटते.

या तीन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे स्थलांतरातील नवता हा स्थळाचा गुण नव्हे, हे स्पष्ट होते. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काही आहे त्यालाच सोडण्यातून नवे होता येते. यावर असा आक्षेप संभवतो की, कंटाळा हेही खरे दुःख आहे आणि भुकेच्या मापाने ते मोजणे अन्यायाचे होईल. आक्षेप रास्त आहे. चांगदेवाची कोंडी खोटी नाही, विंचुर्णीचा आनंदही खोटा नाही. परंतु दोहोंना सार्वत्रिक मानवी अनुभव म्हणून मांडताना समीक्षा 'उपरा'तील अनुभवाला अपवाद ठरविते किंवा त्याची रवानगी 'सामाजिक दस्तऐवजा'त करते. प्रश्न तिथे निर्माण होतो.

म्हणून स्थलांतराच्या कृतींचे मूल्यमापन करताना पात्र कोठे गेले याआधी त्याने मागे काय ठेवले, आणि परतीची वाट कोणाला उपलब्ध आहे, हे पाहिले पाहिजे. गडाकडे जाणारा आणि द्राक्षबागेकडे निघालेला एकाच जिल्ह्यातले रस्ते तुडवतात. दोघांच्या चालण्याला एकच संज्ञा लावणारी समीक्षा त्यांपैकी एकालाच वाचत असते.