‘घाशीराम कोतवाल’मधील कोतवालीचा सौदा
विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकाविषयीचा वाद प्रामुख्याने नाना फडणविसांच्या चित्रणाच्या ऐतिहासिक सत्यासत्यतेभोवती फिरला. त्यामुळे कोतवालीच्या सौद्याचे राजकीय स्वरूप काहीसे दुर्लक्षित राहिले. पोटच्या मुलीच्या मोबदल्यात घाशीराम पद मिळवितो. परंतु नानाचा लाभ गौरीपुरता मर्यादित नाही. आपल्या दुष्कृत्यांचा दोष ज्याच्या माथी जाईल असा परका, निराधार अधिकारी त्याला हवाच असतो. रात्री बावनखणीत रमणारे ब्राह्मणच अखेरीस घाशीरामाचा बळी मागतात, नाना तसा हुकूम देतो आणि त्याची स्वतःची सत्ता अबाधित राहते. प्रयोगातील नृत्यसंगीताच्या मोहिनीत हे गणित प्रेक्षकाच्या नजरेतून निसटण्याचा धोका आहे. तो तेंडुलकरांनी जाणीवपूर्वक पत्करलेला दिसतो.